दात पांढरे राहावेत म्हणून खाण्यात नेमकं काय बदलायचं?

कडक_मसाला

वय ४२. ब्रश दिवसातून दोनदा, तोही जोर लावून. तरीही समोरच्या दातांचा हिरडीलगतचा भाग दिवसेंदिवस पिवळा दिसतोय. गार पाणी प्यायलं की डावीकडच्या दोन दातांत सणक जाते. कीड नाही, असं वर्षभरापूर्वीच्या तपासणीत कळलं होतं. रोजचं खाणंपिणं जसंच्या तसं लिहितो, म्हणजे अंदाज बांधायला नको.

सकाळी ६ : कोमट पाण्यात अख्खं लिंबू नि चमचाभर मध, घोट घोट घेत. संपलं की लगेच ब्रश. पेस्ट कोळशाची, ब्रश कडक.
७ : गुळाचा चहा, दोन-तीन बिस्किटं किंवा खारी.
१०, १२, ४ आणि ६ : परत चहा. प्रत्येक कपात गूळ दोन चमचे. कामात असल्यामुळे एक कप संपायला वीस मिनिटं सहज लागतात.
जेवणं साधी : पोळी-भाजी, वरण-भात. जेवणानंतर गोड मसाला सुपारी.
रात्री १० : ब्रश. १०.३० : गूळ घालून हळदीचं दूध आणि झोप.

साखर वर्षभर पूर्ण बंद आहे, मिठाई क्वचित. प्रश्न तीन. पिवळेपणा चहा-हळदीचा आहे का? यातलं काय बंद करू? कॅल्शियमच्या गोळ्यांनी दात मजबूत होतील का?

पटाशी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लहान आहे, ते आधी. नाही. दात एकदा तोंडात आला की पोटातून गेलेलं कॅल्शियम त्याच्या कवचापर्यंत पोहोचत नाही. हे कवच म्हणजे इनॅमल. ती जिवंत पेशींची चीज नाही, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे. त्याची डागडुजी बाहेरून होते, लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने आणि पेस्टमधल्या फ्लोराइडने. आहारातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जबड्याच्या हाडाला लागतं, म्हणून दूध-दही-नाचणी खावी. दात चकचकीत व्हावेत म्हणून गोळ्या घेण्यात अर्थ नाही.

आता पिवळेपणा. डाग आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी. डाग वरून बसतो. तो दातांच्या फटीत, खालच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेलगत, जिथे ब्रश नीट पोहोचत नाही तिथे जास्त असतो, तपकिरी असतो आणि स्केलिंगमध्ये, म्हणजे दंतवैद्याकडच्या सफाईत, निघतो. तुम्ही सांगताय तो पिवळा भाग समोरून, हिरडीलगत, जिथे ब्रश सर्वात जास्त जोराने फिरतो तिथे आहे. तो डाग असण्याची शक्यता कमी. तिथे इनॅमल मुळातच पातळ असतं आणि त्याखालचं डेंटिन पिवळसर असतं. वरचं कवच झिजलं की खालचा पिवळा दिसू लागतो. गार पाण्याची सणक त्याचीच जोडीदार, कारण डेंटिनमधल्या बारीक नळ्या उघड्या पडल्या की गारवा थेट नसेपर्यंत जातो.

म्हणजे दात पांढरे करण्यासाठी जे चाललंय त्यानेच ते पिवळे होताहेत. क्रम बघा. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ ते २.५. पेलाभर पाण्यात पिळलं तरी तो ३ च्या खालीच राहतो. इनॅमल ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. वर तुम्ही ते घोट घोट घेता, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं दातांना आम्लाची आंघोळ. त्याने पृष्ठभाग मऊ पडतो, आणि त्याच मऊ पृष्ठभागावर कोळशाची पूड नि कडक ब्रश. कोळसा डाग खरवडतो हे खरं, पण त्याला डाग आणि दात यांतला फरक कळत नाही.

आपल्याकडे ‘दात आंबले’ म्हणतात ना, कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर? ती खरबरीत, शिवशिवणारी जाणीव म्हणजे आम्लाने दाताच्या पृष्ठभागावर केलेल्या कामाची खूण आहे. तेव्हा ब्रश हातात घ्यायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

झीज झालीये का हे घरी बघता येतं. बाथरूमच्या आरशासमोर, मोबाईलचा टॉर्च दातांमागून धरून :

पटाशीच्या दातांची कड निळसर-पारदर्शक, काचेसारखी दिसते का? दाढांच्या टोकांवर वाटीसारखे छोटे खळगे आणि त्यांच्या तळाशी पिवळा ठिपका आहे का? जुनं फिलिंग असेल तर ते आजूबाजूच्या दातापेक्षा उंच वाटतं का? (फिलिंग आम्लात झिजत नाही, दात झिजतो, म्हणून ते बेटासारखं वर राहतं.) आणि हिरडीलगत नख फिरवलं तर पाचरीसारखी खाच लागते का? पहिल्या तीन खुणा आम्लाच्या, चौथी बहुतांशी ब्रशच्या जोराची.

करायचं एवढंच. लिंबू-मध-पाणी बंद. क जीवनसत्त्वासाठी घेत असाल तर पेरूत ते लिंबापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि लिंबू वरण-भातावर पिळून खाल्लं तर अन्नात मिसळतं, लाळही सुटलेली असते, त्रास नगण्य. अगदी सोडवतच नसेल तर एका दमात प्या, मग साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. ब्रश लिंबाच्या आधी करा, नंतर नको. ब्रश मऊ घ्या, हिरडीशी ४५ अंशात तिरका धरा, लहान-लहान हालचाली, दोन मिनिटं. मुठीत धरू नका. पेन्सिलीसारखा तीन बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. पेस्ट साधी, फ्लोराइडची. आपल्याकडच्या बहुतेक पेस्टवर फ्लोराइडचं प्रमाण ९०० ते १००० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) लिहिलेलं असतं, तेवढं पुरतं. सणक फार असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट, पण तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बदलू नका.

खलबत्ता

पटाशी यांनी आम्लाचं सांगितलं. गोडाची बाजू मी घेतो, कारण ‘साखर पूर्ण बंद’ हे वाक्य वाचून जरा हसू आलं. गूळ म्हणजे उसाचीच साखर, सोबत थोडा ओलावा, मळीचा अंश आणि किंचित खनिजं. चांगल्या गुळातही तीन चतुर्थांशाच्या आसपास सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखरच, असतं. दातांवरच्या जंतूंना, त्यातही स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सला, रंग दिसत नाही. सुक्रोज मिळालं की ते दोन कामं करतात : आम्ल बनवतात आणि एक चिकट पदार्थ बनवून दाताला चिकटून बसतात. गूळ, मध, खडीसाखर, ब्राऊन शुगर, काहीही द्या.

आता हिशेब. छोटा चमचा म्हणजे ४ ग्रॅम धरू. पाच चहा गुणिले दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम. मधाचे पाच-सहा, रात्रीच्या दुधाचे चार-पाच. पन्नास ग्रॅम झाले, बिस्किटं आणि सुपारीवरची साखर अजून धरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी आहे की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ च्या आत असली तर उत्तम. २००० कॅलरीच्या माणसाला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. तुम्ही मिठाईचा तुकडाही न खाता वरच्या मर्यादेला टेकलात.

पण दातांपुरतं बोलायचं तर ग्रॅमपेक्षा वेळा मोजा. गोड तोंडात गेलं की दातावरच्या थरातला पीएच काही मिनिटांत ५.५ च्या खाली जातो आणि लाळ त्याला परत वर आणायला साधारण अर्धा ते पाऊण तास घेते. याचा आलेख स्टीफन नावाच्या संशोधकाने १९४० च्या दशकात काढला, आजही दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. तुमचा एक कप वीस मिनिटं चालतो. प्रत्येक घोटाला आलेख पुन्हा खाली. वीस अधिक तीस-चाळीस, म्हणजे एका कपामागे जवळपास तास. पाच कप म्हणजे पाच तास. तोच चहा पाच मिनिटांत संपवला तर सव्वा तास वाचतो, गूळ तितकाच असूनही.

स्वीडनमध्ये विपेहोल्म इथल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या रुग्णालयात १९४५ ते १९५३ दरम्यान यावर प्रयोग झाले. ज्यांना जेवणासोबत गोड दिलं त्यांच्यात कीड थोडीच वाढली, आणि ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या त्यांचे दात धडाधड किडले. प्रयोग अमानुषच होता, रुग्णांची संमती वगैरे काही नव्हती. पण ‘किती’पेक्षा ‘किती वेळा नि किती चिकट’ हे तिथूनच पक्कं झालं.

चिकट म्हणजे फक्त टॉफी नव्हे बरं का. मैद्याचं बिस्किट, खारी, वेफर्स हे चघळल्यावर लगदा होऊन दाढांच्या खाचांत बसतात आणि बराच वेळ राहतात. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य त्यातला स्टार्च तोडून साखर करत राहतं. खारी खाऊन दहा मिनिटांनी जीभ मागच्या दाढेवर फिरवून बघा, काय सापडतं ते. चॉकलेट त्या मानाने लवकर विरघळून जातं. खजूर, मनुका, अंजीर हे ‘पौष्टिक’ म्हणून सतत तोंडात टाकणारे याच यादीत.

बदल कुठे करायचा? १० आणि १२ चे चहा बिनगुळाचे करा किंवा सोडा. बिनसाखरेच्या दुधाच्या चहाचा आम्लपणा नगण्य असतो, दातांच्या दृष्टीने तो निरुपद्रवी आहे. गोड चहा हवाच तर तो नाश्त्यासोबत, जेवणाच्या गटात ढकला. बिस्किटाच्या जागी मूठभर भाजके शेंगदाणे किंवा फुटाणे. शेंगदाण्यात साखर कमी, चावायला लागतात म्हणून लाळ सुटते आणि पीएच उलट वर चढतो. चीजचा तुकडाही तेच काम करतो, आणि वर कॅल्शियम-फॉस्फेट तोंडात सोडतो.

रात्रीचं दूध ही मात्र सगळ्यात वाईट सवय आहे, हळदीमुळे नव्हे, वेळेमुळे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. ब्रशनंतर गोड दूध म्हणजे आठ तास निर्वेध मेजवानी. दूध ९.३० ला, ब्रश १० ला, त्यानंतर फक्त पाणी. आणि ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका, पाण्याने खळखळून धुऊ नका. फ्लोराइड थोडा वेळ दातावर राहू द्या.

दोन_चमचे

गुळाबद्दल इतकं टोकाचं बोलू नये. आमच्या पिढीआधीचे लोक गूळ-शेंगदाणे खाऊनच जगले, साठीतही ऊस सोलून खायचे दातांनी. गुळात लोह, खनिजं असतात. शिवाय दही, ताक आंबट असूनही तुम्ही कोणी त्याला नावं ठेवत नाही, हे कसं?

खलबत्ता

दह्याचा मुद्दा फार चांगला काढलात. दह्याचा पीएच ४ ते ४.५, म्हणजे नियमाप्रमाणे दात विरघळायला हवेत. विरघळत नाहीत, कारण दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच भरपूर असतं. मिठाने गच्च झालेल्या पाण्यात आणखी मीठ विरघळत नाही, तसंच. म्हणून पीएचचा आकडा एकटा पुरेसा नसतो. लिंबू, कोकम, चिंच यांत आम्ल आहे आणि समोर कॅल्शियम नाही. लिंबातलं सायट्रिक आम्ल तर दातातलं कॅल्शियम बांधून ओढूनही नेतं. उन्हाळ्यात दुपारी तीनला काय प्यायचं, असा प्रश्न असेल तर जिरं घातलेलं ताक घ्या. कोकम सरबत जेवणासोबत, तेही एकदा. दोन तास थंडगार बाटलीतून चघळत नको. कोलाचा पीएच २.५ च्या आसपास, त्यात साखर, म्हणजे दोन्हीकडून मार. ‘शुगर-फ्री’ कोलाने कीड टळते, झीज टळत नाही.

आधीच्या पिढीचं म्हणाल तर ते गूळ-शेंगदाणे न्याहारीला एकदा खायचे. दिवसातून पाच वेळा कपातून नाही. गूळ तोच, वेळा वेगळ्या. गुळातलं लोह खरं आहे, पण ते दाताच्या काही कामाचं नाही. तीळगूळ वर्षातून एकदा, मनसोक्त खा. (पाकाची कडक वडी जपून, फिलिंग उखडायला तेवढी पुरते.)

हळद_कुंकू

चहा आणि हळदीच्या डागांचं राहिलंच की.

चहा : यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, दातावरच्या लाळेच्या पातळ पापुद्र्याला चिकटतात. काळा चहा आणि ग्रीन टी जास्त डाग पाडतात, दुधाचा कमी, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन टॅनिनला आधीच पकडून ठेवतं. म्हणजे ‘आरोग्यासाठी’ दुधाचा सोडून ग्रीन टी घेणाऱ्यांच्या दातांवर उलट जास्त डाग बसू शकतात. चहानंतर एक चूळ, बाकी काही लागत नाही.

हळद : नैसर्गिक दातावर टिकत नाही. दातावर थर साचला असेल तर तो थर पिवळा होतो, ब्रशने जातो. पांढऱ्या कॉम्पोझिट फिलिंगवर आणि तारेच्या रबरांवर मात्र हमखास बसते. समोरच्या दाताला नुकतं फिलिंग केलं असेल तर पहिले दोन दिवस रस्सा-वरण जपून.

औषधांचं कोणी बोलत नाही म्हणून सांगते. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरलं की दात नि जीभ तपकिरी होतात, त्यात चहा पीत असाल तर अजून लवकर. ते दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपुरतंच वापरायचं, आणि पेस्टनंतर लगेच नाही, अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधल्या फेसाच्या पदार्थाने ते निकामी होतं. लोहाचं पातळ टॉनिक काळे डाग पाडतं. स्ट्रॉने घ्या, मग चूळ.

सुपारी वेगळी. गोड मसाला सुपारीत साखरेचा लेप आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की सुपारी स्वतः कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. गालाची आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड कमी उघडायला लागतं. दात कठीण तुकड्यांवर झिजतात, तडकतात. यात ‘कमी करा’ असं काही नाही, सोडाच. जागी भाजलेली साधी बडीशेप घ्या. रंगीत साखरेच्या गोळ्यांची नको.

पाणीपरीक्षा

अजून एक शक्यता तपासायला हवी. लहानपण कुठे गेलं? महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम इष्ट, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायची मर्यादा. वयाच्या साधारण आठव्या वर्षापर्यंत, कवच बनत असताना, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दातांवर आडव्या खडूसारख्या पांढऱ्या रेघा, पुढे तपकिरी चट्टे येतात. ते सगळ्या दातांवर, डावी-उजवीकडे सारखे असतात. कोणत्याही आहाराने, कोणत्याही पेस्टने जात नाहीत.

तिथल्या लोकांसाठी दोन गोष्टी. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. आरओने बऱ्यापैकी निघतं. तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धतही आहे, पण ती मात्रा मोजून करावी लागते, अंदाजे तुरटी फिरवून नाही. मुलांच्या जेवणात दूध-दही असू द्या, कॅल्शियममुळे आतड्यातून फ्लोराइड कमी शोषलं जातं. अशा गावात मुलांची पेस्ट कोणती, हे दंतवैद्याला पाण्याचा अहवाल दाखवून ठरवा.

कडक_मसाला

सगळ्यांचे आभार. टॉर्च लावून बघितलं : कड काचेसारखी दिसते, डाव्या बाजूला नखाला खाच लागते. बालपण पुण्यात, नळाचं पाणी. लिंबू आजपासून बंद. चहा पाचचे तीन करता येतील, त्यातले दोन गोड.

अजून तीन गोष्टी. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, वरच्या समोरच्या दातांवर हिरडीजवळ पांढरट पट्टा दिसतोय, खालचे ठीक आहेत. दुसरं, आईला मिशरीची सवय आहे, तिचं म्हणणं दात त्यानेच टिकलेत. तिसरं, दीड महिन्यावर लग्न आहे घरात, तोवर ब्लीचिंग करून घेऊ का?

निंबोणी

मुलाचं तातडीचं. रात्री बाटलीने दूध पितो का, किंवा झोपताना गोड दूध-बिस्किट? वरचे समोरचे दात खराब आणि खालचे चांगले, हा नमुना अगदी ओळखीचा आहे. चोखताना खालचे दात जिभेखाली झाकले जातात आणि लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात, म्हणून ते वाचतात.

ओठ वर करून दात स्वच्छ सुती कापडाने कोरडा करा, दहा सेकंद थांबा, उजेडात बघा. खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा हिरडीला समांतर दिसला तर ती किडीची पहिली पायरी. अजून खड्डा नाही, म्हणजे मागे फिरता येतं. पिवळा-तपकिरी होऊन नखाला खरखरीत लागला तर उशीर झाला. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडू नका. त्यांचं इनॅमल पातळ असतं, कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते, आणि मागच्या दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत लागतात.

बाटली बंद, दूध पेल्यातून, साखर-चॉकलेट पावडर न घालता. गोडाची सवय एकदम तुटत नसेल तर दर तीन दिवसांनी पाव चमचा कमी करा, एक चमचा घालत असाल तर दोन आठवड्यांत शून्यावर येता. साधं दूध दातांना त्रासदायक नाही, त्यातली लॅक्टोज सुक्रोजच्या मानाने बरीच सौम्य. तरी ब्रशनंतर तेही नको. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी (तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी), ब्रश मोठ्या माणसाने करायचा. मुलाला मांडीत आडवं घेऊन, डोकं आपल्याकडे, तरच मागच्या दाढा दिसतात. डब्यात जॅम-पोळी आणि सुट्टीत क्रीमचं बिस्किट असेल तर त्यातलं एक बदला : पोळीला तूप-चटणी, किंवा उकडलेले हरभरे. आणि दंतवैद्याकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराइडचा पातळ लेप, लावून घ्या. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही.

पटाशी

आईंची मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दात टिकलेत असं वाटतं, कारण निकोटीनने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो. हिरडीचा आजार आतून वाढत असतो, पण रक्त येत नाही, सूज दिसत नाही. मग एक दिवस दात हलायला लागतो. दंतमंजन-पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण मिशरी घरीच भाजली जाते. ‘दातांना वाईट’ म्हणून त्या ऐकणार नाहीत, कारण सवय दातांची नाही, निकोटीनची आहे. सकाळची तलफ वेगळी हाताळावी लागेल. तोवर वर्षातून दोनदा हिरड्यांची तपासणी. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर थांबू नका.

ब्लीचिंग आत्ता नको. तुमचं इनॅमल झिजलेलं, डेंटिन उघडं. ब्लीचिंगचं रसायन, पेरॉक्साइड, आत झिरपलं की सणकेचं ठणक्यात रूपांतर. आधी खाच असलेल्या दातांना फिलिंग लागतं का ते बघून घ्या, स्केलिंग करा. कधीकधी नुसत्या स्केलिंगनेच इतका फरक पडतो की ब्लीचिंगचा विचार मागे पडतो. महिनाभराने सणक थांबली असेल तरच दंतवैद्याने मापाच्या ट्रेमध्ये दिलेलं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रोज रात्री, साधारण दोन आठवडे. तुमच्या तारखेत हे जेमतेम बसतं, म्हणून माझं मत, लग्न होऊ द्या. ब्लीचिंगने फिलिंग नि कॅपचा रंग बदलत नाही, हेही लक्षात घ्या. समोर फिलिंग करायचं असेल तर ब्लीचिंग आधी, मग दोन आठवडे थांबून त्या रंगाला जुळणारं फिलिंग.

इंटरनेटवरचं लिंबू आणि खाण्याचा सोडा, स्ट्रॉबेरी चोळणं, केळ्याच्या सालीची आतली बाजू यांतलं काही करू नका. पहिली दोन आम्लं आहेत, तिसऱ्याने काहीच होत नाही. सोडा एकटा मात्र उपयोगी आहे, घासायला नव्हे, चुळीला. पित्त उसळून तोंडात आंबट आलं, उलटी झाली, तर पेलाभर पाण्यात एक छोटा चमचा सोडा विरघळवून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने. पटाशीच्या दातांची मागची बाजू झिजलेली असेल तर कारण लिंबू नाही, पित्त असतं. तुम्ही पुढची बाजू सांगताय, तरी आरसा फिरवून मागची बघून घ्या.

आणि रंगाची अपेक्षा. दंतवैद्याकडे छटांची पट्टी असते, नैसर्गिक दात त्यात पिवळसर किंवा राखाडी छटेतच बसतात. सुळे बाजूच्या दातांपेक्षा जन्मजात गडद असतात, ते घासून उजळत नाहीत. जाहिरातीतला कागदासारखा पांढरा बहुधा कॅपचा असतो.

दोन_चमचे

एकादशीचं काय? त्या दिवशी तर खजूर, राजगिऱ्याचा लाडू, वेफर्स आणि चहावरच दिवस निघतो.

खलबत्ता

उपवासाचं खाणं वाईट नाही, ते दिवसभर तुकड्यातुकड्याने चालतं तेच वाईट. दोन वेळा ठरवा. ११ ला साबुदाण्याची किंवा वरीची उसळ, भरपूर शेंगदाण्याच्या कुटासह, सोबत दही, आणि लाडू किंवा खजूर त्याच ताटात. रात्री ८ ला भगर, दाण्याची आमटी, ताक. मध्ये बिनसाखरेचा चहा, पाणी, काकडी. वेफर्स खायचेच तर शेवटी दही-ताक. आणि ‘आज ब्रश नाही, उपवास आहे’ असं काही घरांत असतं, तिथे निदान प्रत्येक वेळी चूळ तरी भरावी.